नॉर्दर्न लीग, १९९३ पासून पुढे: मेजर लीगच्या छत्रीबाहेरचं व्यावसायिक बेसबॉल कसं उभं राहिलं

स्कोअरबुक

दुबईच्या बेसबॉल युनायटेड लीगमधल्या ‘मुंबई कोब्राज’ संघावरून दुसऱ्या धाग्यावर एक प्रश्न आला होता: मेजर लीगशी (अमेरिकेतल्या बेसबॉलची सर्वोच्च पातळी) नातं नसलेली व्यावसायिक लीग चालते तरी कशी? तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा. उदाहरणाला १९९३ ची नॉर्दर्न लीग घेतोय. अमेरिकेत आज ज्या स्वतंत्र लीग दिसतात त्यांचा मूळ साचा तिचाच. त्याच वर्षी फ्रंटियर लीगही सुरू झाली, पण तिची तऱ्हा वेगळी. तिच्यावर कोणीतरी लिहा.

आधी नेहमीची मायनर लीग. तिथले संघ कुठल्या ना कुठल्या मेजर लीग संघाशी बांधलेले असतात. खेळाडू, मॅनेजर, कोच यांचा पगार वरचा संघ देतो. खालच्या मालकाकडे मैदान, तिकिटं, बिअर, जाहिराती आणि प्रवास. याची किंमत अशी की संघावर त्याचा ताबा नसतो. ऑगस्टमध्ये विजेतेपदाची शर्यत रंगात असताना वरून फोन येतो आणि तुमचा सर्वोत्तम पिचर (चेंडू टाकणारा) दुसऱ्या दिवशी भलत्याच शहरात.

१९९० च्या अखेरीस मेजर आणि मायनर यांच्यात नवा करार झाला. त्यात मैदानांचे निकष ठरले: किमान आसनं, दिव्यांचा उजेड, कपडे बदलायच्या खोल्यांचं क्षेत्रफळ, पाहुण्या संघाची सोय. मायनरच्या पायऱ्या खालून वर ए, डबल-ए, ट्रिपल-ए. नव्या मैदानात ए वर्गालाही ४,००० आसनं, डबल-एला ६,०००, ट्रिपल-एला १०,०००. जुन्या मैदानांना सुधारणेसाठी मुदत होती, पण खर्च त्या त्या गावाने किंवा मालकाने करायचा. लहान शहरांतली चाळीस-पन्नास वर्षं जुनी मैदानं यात बसणं अवघडच होतं.

माइल्स वुल्फने हे हेरलं. १९७९ मध्ये त्याने डरहॅम बुल्स जवळजवळ फुकटात घेतला होता, चालवून दाखवला होता आणि चांगल्या किमतीला विकलाही होता. शिवाय ‘बेसबॉल अमेरिका’ या नियतकालिकाचा तो प्रकाशक, त्यामुळे कुठलं मैदान ओस पडलंय आणि कुठला खेळाडू मोकळा झालाय हे त्याला घरबसल्या कळे. त्याने १९७१ मध्ये बंद पडलेल्या जुन्या नॉर्दर्न लीगचं नाव उचललं. हँक आरन १९५२ मध्ये त्या जुन्या लीगमध्ये ओ क्लेअरकडून खेळला होता, म्हणजे त्या मुलुखात नावाला वजन होतं.

पहिले सहा संघ: सेंट पॉल सेंट्स, डलूथ-सुपीरियर ड्यूक्स, रोचेस्टर एसेस (मिनेसोटातलं रोचेस्टर, न्यूयॉर्कचं नव्हे), सू सिटी एक्सप्लोरर्स, सू फॉल्स कॅनरीज आणि कॅनडातला थंडर बे व्हिस्की जॅक्स. ७२ सामने, मोसमाचे दोन भाग. पहिला भाग सेंट पॉलने जिंकला, दुसरा रोचेस्टरने, आणि अंतिम मालिका सेंट पॉलने ३-१ ने.

कट्टाबहाद्दर

रुमाल टाकून ठेवतो.

मैदानमाळी

छान सुरुवात. मैदानांबद्दल मी भर घालतो, कारण शहरं निवडली गेली ती मैदानांवरूनच.

डलूथचं वेड स्टेडियम १९४१ चं, सरकारी रोजगार योजनेतून बांधलेलं, विटांच्या भिंतींचं. बघायला देखणं, नव्या निकषांत नापास. थंडर बेचं पोर्ट आर्थर स्टेडियम १९५१ चं. सू फॉल्सचं साठच्या दशकातलं. सेंट पॉलचं मिडवे १९८२ चं, म्हणजे वयाने तरणं, पण महापालिकेने स्थानिक खेळासाठी बांधलेलं साधं अॅल्युमिनियमच्या बाकांचं मैदान. लेफ्ट फील्डच्या कुंपणामागून मालगाड्या जायच्या आणि पलीकडे अग्निशमन दलाचा सरावाचा मनोरा. नवंकोरं मैदान फक्त सू सिटीला होतं, १९९३ मध्येच बांधलेलं.

सेंट पॉलला दुसरी अडचण होती ती हद्दीची. मिनेसोटा ट्विन्स दहाएक किलोमीटरवर मेट्रोडोममध्ये खेळत. संलग्न मायनर लीगचा संघ मेजर संघाच्या हद्दीत त्याच्या परवानगीशिवाय येऊच शकत नाही. वुल्फची लीग त्या कराराबाहेर, त्यामुळे तिला कोणाला विचारायची गरज नव्हती. आणि गंमत पाहा, ट्विन्स छताखाली प्लॅस्टिकच्या गवतावर खेळायचे. मिनेसोटात सहा महिने बर्फ काढलेल्या माणसाला जुलैच्या संध्याकाळी छताखाली बसवायचं म्हणजे शिक्षाच. सेंट पॉलने विकलं ते उघडं आकाश.

हे सगळं ऐकायला रम्य, पण उघड्या मैदानाचा जाच वेगळाच. इनफिल्ड (चार बेसांमधला आतला भाग) झाकायची ताडपत्री साधारण ५० मीटर बाय ५० मीटर. वारा नसताना ती ओढायला बारा-पंधरा माणसं लागतात. मोठ्या संघाकडे त्यासाठी वेगळी माणसं असतात. इथे तिकीटवाला, जाहिरातवाला, प्रसंगी जनरल मॅनेजरसुद्धा बूट भिजवत धावतो. नवखे हमखास चुकतात ते वाऱ्याच्या बाजूने कड उचलून. हवा आत शिरली की ताडपत्री फुगते आणि धरणाऱ्याला घेऊन जाते. ओढायला सुरुवात वाऱ्याकडच्या कडेने करायची, ती कड लगेच वाळूच्या पिशव्यांनी दाबायची, मग उरलेली पसरायची. काढताना साठलेलं पाणी आउटफिल्डच्या गवतात सोडायचं, फाउल लाइनवर कधीच नाही.

पाऊस थांबल्यावरची चूक आणखी महागात पडते. डबक्यावर थेट सुकवणी, म्हणजे भाजलेल्या मातीचे खडे, ओतली की त्याचा चिखल होतो आणि दोन दिवस वाळत नाही. आधी पाणी स्पंजने किंवा हातपंपाने उचलायचं, मग खडे पसरायचे, मग दाताळं. झाडूने पाणी गवताकडे लोटलं तर वरची बारीक माती त्याबरोबर जाते आणि गवताच्या कडेला उंचवटा तयार होतो. पुढच्या आठवड्यात जमिनीवरून येणारा चेंडू तिथे उडून शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) तोंडावर.

डलूथला पाऊस नसला तरी धुकं. लेक सुपीरियरवरून जूनमध्ये असं धुकं येतं की आउटफिल्डर दिसेनासा होतो. धुक्यावर ताडपत्रीचा उपयोग नाही, थांबायचं एवढंच.

हिशेबनीस

आता पैशांकडे येऊ, कारण ‘कशी चालते’चं खरं उत्तर तिथे आहे.

स्वतंत्र लीगमध्ये खेळाडूंचा पगार मालकाच्या खिशातून जातो. म्हणून पहिल्या दिवसापासून वेतनमर्यादा ठेवली गेली. संपूर्ण संघाचा पूर्ण मोसमाचा पगार लाख डॉलरच्या आत. तुलनेसाठी: १९९३ मध्ये मेजर लीगच्या एका नवख्याचा किमान पगार १,०९,००० डॉलर होता. म्हणजे तिथल्या सगळ्यात स्वस्त खेळाडूच्या पैशात इथे २२ जणांचा संघ.

मर्यादा नुसती कागदावर ठेवून भागत नाही. श्रीमंत मालक निवृत्त मेजर खेळाडू गोळा करून लीग एकतर्फी करेल, म्हणून खेळाडूंची अनुभवानुसार वर्गवारी: जुन्याजाणत्यांची संख्या मोजकी, आणि काही जागा नवख्यांसाठी राखीव. याचा दुहेरी फायदा. नवखा स्वस्त पडतो आणि तोच पुढे मेजर संघाला विकला जाऊ शकतो.

जमेची बाजू समजावण्यापुरता हिशेब मांडतो, हे कुठल्या संघाचे खरे आकडे नाहीत. घरचे ३६ सामने. सरासरी २,००० माणसं, तिकिटाचे सरासरी ४ डॉलर: मोसमाचे २,८८,००० डॉलर. माणशी ३ डॉलर खाण्यापिण्यावर धरले तर २,१६,०००, पण त्यातला माल आणि नोकर वजा जाता निम्मे हाती. वर कुंपणावरच्या जाहिराती. या जाहिराती मोसम सुरू व्हायच्या आधी विकल्या जातात, म्हणून एप्रिल-मे महिन्यांचे पगार त्यांच्यातूनच निघतात. जो मालक जाहिरातवाला माणूस मे महिन्यात नेमतो तो जूनमध्येच गाळात जातो.

आता खर्च. खेळाडू, मॅनेजर, कोच, ट्रेनर. बस. बाहेरगावच्या खोल्या आणि रोजचा भत्ता. पंच, कारण संलग्न लीगचे पंच इथे मिळत नाहीत, लीगने स्वतःचे नेमायचे. चेंडू: सामन्याला पाच-सहा डझन लागतात, फाउल गेलेले लोक घरी नेतात. आणि ज्याचा अंदाज हमखास चुकतो तो कामगार-नुकसानभरपाईचा विमा. त्याचा हप्ता पगाराच्या दर शंभर डॉलरमागे ठरतो, आणि व्यावसायिक खेळाडूचा दर कारकुनाच्या दराच्या कितीतरी पट. खेळाडू हा इथे कामगारच, त्याचा खांदा निखळला की वैद्यकीय खर्च आणि बुडालेला पगार विम्यातून. पुढे नव्वदच्या दशकात ज्या लीग बुडाल्या त्यातल्या बऱ्याच जणांनी पगार मोजला होता, हा हप्ता मोजला नव्हता.

डावखुरा

हिशेबनीस, बस एका शब्दात उरकलीत! थंडर बेहून सू सिटी जवळजवळ १,००० किलोमीटर. डलूथ, मिनियापोलिस करत खाली यायचं. अमेरिकेत प्रवासी बसच्या ड्रायव्हरला सलग विश्रांतीशिवाय १० तासांपेक्षा जास्त चालवता येत नाही. हा पल्ला थांब्यांसकट त्याच्या पलीकडे जातो, म्हणजे एकतर दुसरा ड्रायव्हर किंवा वाटेत मुक्काम. त्यात आंतरराष्ट्रीय सीमा. डॉमिनिकन किंवा क्यूबन खेळाडूच्या कागदांत एक शिक्का कमी असेल तर सगळी बस सीमेवर उभी.

म्हणून वेळापत्रक करणारा माणूस या लीगमध्ये मॅनेजरपेक्षा महत्त्वाचा. थंडर बेला जाणाऱ्या संघाला लगेच डलूथची मालिका जोडून द्यायची (दोन्हींत ३०० किलोमीटर), दोन्ही सू एकाच फेरीत उरकायच्या. ७२ सामने अडीच-पावणेतीन महिन्यांत बसवायचे तर सुटीचे दिवस हाताच्या बोटांवर. पावसाने गेलेला सामना त्याच मालिकेत दुसऱ्या दिवशी जोडसामना करून खेळायचा, नंतरसाठी ठेवला तर तो संघ पुन्हा येईलच असं नाही.

मृण्मयी_एस

पहिला मोसम जूनच्या मध्यात सुरू का केला? एप्रिलमध्ये बाकी सगळं बेसबॉल सुरू होतं ना?

डावखुरा

दोन कारणं. एक, मे महिन्यात डलूथला रात्री शून्याच्या आसपास जातं, लोक येत नाहीत. दुसरं कारण मोठं: मेजर लीगचा ड्राफ्ट (संघांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडायचे) जूनच्या सुरुवातीला व्हायचा. ज्या कॉलेज खेळाडूंना कोणीच निवडलं नाही ते त्यानंतर मोकळे होतात. शिवाय वसंतातल्या सराव शिबिरांतून आणि मोसमाच्या पहिल्या दोन महिन्यांत डबल-ए, ट्रिपल-ए संघ खेळाडू सोडतात. जूनपर्यंत बाजारात माल आलेला असतो.

निवड चाचणीची पद्धतही सांगतो. ६० यार्ड (सुमारे ५५ मीटर) धाव: आउटफिल्डर ७ सेकंदांच्या आत आला नाही तर नाव खोडलं जातं. कॅचरने चेंडू पकडल्यापासून सेकंड बेसवरच्या माणसाच्या ग्लोव्हमध्ये जाईपर्यंत २ सेकंद किंवा त्याहून कमी. पिचरवर रडार गन. हे तिन्ही आकडे पास झाले की मग बॅटिंग. शे-दीडशे जण येतात, त्यातून एखाद-दुसरा करारापर्यंत पोहोचतो. संघ खरा उभा राहतो तो मॅनेजरच्या टेलिफोन डायरीवर. रोचेस्टरचा मॅनेजर डग सिम्युनिक यात वाकबगार. कोण कुठून सुटतोय याची त्याला आधी खबर. १९९४ मध्ये तो संघाबरोबर विनिपेगला गेला आणि पहिल्याच वर्षी विजेतेपद. पुढे फार्गोला जाऊन १९९८ मध्ये पुन्हा.

नवख्या कॉलेज बॅटरबद्दल एक गोष्ट लोक विसरतात. कॉलेजात ते अॅल्युमिनियमच्या बॅटने खेळलेले असतात. तिचा मधला चांगला पट्टा रुंद असतो, आतल्या बाजूचा चेंडू मुठीजवळ लागला तरी इनफिल्डपलीकडे पडतो. लाकडी बॅटवर तोच चेंडू लागला की बॅट दोन तुकडे आणि चेंडू पिचरच्या हातात. अनुभवी पिचर पहिल्याच दिवशी हे ओळखतो आणि आतच टाकत राहतो. म्हणून जूनमधले नवख्यांचे आकडे बघून कोणाला काढू नये. तीन आठवडे द्यावेत. आणि बॅटांचा खर्च जूनमध्ये दुप्पट धरावा.

उडता_चेंडू

पहिल्या वर्षी आलेली नावं तरी सांगा लोकहो, नाहीतर नव्या वाचकाला वाटेल सगळे अनामिकच होते.

पेद्रो गेरेरो, डॉजर्सच्या १९८१ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये (मेजर लीगची अंतिम मालिका) सर्वोत्तम खेळाडूचा सहमानकरी, सू फॉल्सकडून. लिऑन ‘बुल’ डरहॅम सेंट पॉलकडून. ‘ऑइल कॅन’ बॉइड सुरुवातीच्या वर्षांत सू सिटीकडून. ही तिकीट खपवणारी नावं.

लीगच्या दृष्टीने महत्त्वाचे दोन वेगळेच. रे ऑर्डोनिएझ: क्यूबाचा शॉर्टस्टॉप, जुलै १९९३ मध्ये बफलोतल्या जागतिक विद्यापीठ स्पर्धेत संघ सोडून निघाला, काही आठवडे सेंट पॉलकडून खेळला. मग सोडत काढून त्याचे हक्क न्यूयॉर्क मेट्सकडे गेले. पुढे तिथे तीन गोल्ड ग्लव्ह (क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार). आणि केविन मिलार: लमार विद्यापीठाचा, ड्राफ्टमध्ये कोणीच न घेतलेला, १९९३ मध्ये सेंट पॉलला. तिथून फ्लोरिडा मार्लिन्सने घेतला. २००४ मध्ये रेड सॉक्सकडून यांकीजविरुद्ध चौथ्या सामन्यात नवव्या इनिंगला त्यांच्या रिव्हेरासमोर वॉक (चार खराब चेंडूंवर फुकटचा पहिला बेस) मिळवणारा तोच. त्याच्या जागी डेव्ह रॉबर्ट्स धावायला आला, बेस चोरला, आणि तिथून रेड सॉक्स थेट वर्ल्ड सिरीज जिंकेपर्यंत गेले.

टवाळ_टपोरी

डुकराचा उल्लेख अजून नाही म्हणजे धागा फाउल आहे.

उडता_चेंडू

येतोय, येतोय. सेंट पॉलचा कारभारी माइक वीक. आजोबा शिकागो कब्जचे अध्यक्ष, वडील बिल वीक तमाशेबाजीबद्दल गाजलेले मालक. माइकने स्वतः १२ जुलै १९७९ ला शिकागोत डिस्कोच्या तबकड्या मैदानात उडवायचा कार्यक्रम आखला, लोक मैदानात घुसले, दुसरा सामना रद्द होऊन प्रतिस्पर्ध्याला बहाल झाला. त्यानंतर बेसबॉलमध्ये त्याला कोणी दारात उभं करेना. सेंट पॉल म्हणजे त्याची परतीची संधी. मालक मार्व्हिन गोल्डक्लँग, भागीदारांत विनोदी नट बिल मरे.

मिडवेवर मग जत्राच भरायची. जिवंत डुक्कर पाठीवर पिशवी घेऊन पंचांना नवे चेंडू पोचवायचं. रोझालिंड नावाच्या नन प्रेक्षकांना मानेचं मालीश करून द्यायच्या. खुर्चीत बसून केस कापून घ्यायची सोय. मालगाडी गेली की सगळं मैदान हात हलवणार. आसनं पहिल्या वर्षी पाच हजारांच्या आसपास होती, ती वाढवून सहा हजारांच्या वर न्यावी लागली.

डुकराचंही वेळापत्रक असतं बरं. दरवर्षी नवं पिल्लू घ्यावं लागतं, कारण ते मोसमभरात एवढं वाढतं की ऑगस्टमध्ये हाकायला माणूस कमी पडतो.

हिशेबनीस

डुकरावर माझा आक्षेप नाही, पण लीग डुकराने तरली हे म्हणणं मला पटत नाही. तोच खेळ सू फॉल्सला आणि रोचेस्टरला करून पाहिला असता तर? सेंट पॉल-मिनियापोलिस मिळून वीस लाखांवर माणसं, शेजारी छताखालचा मेजर संघ. रोचेस्टर एक लाखाच्या आतलं शहर, मैदान तोकडं. खेळात दुसरा भाग जिंकून, अंतिम मालिका खेळूनही तो संघ एका वर्षात गेला. मैदानावर जिंकणं आणि गल्ला भरणं यांचा संबंध या लीगमध्ये फार सैल होता.

तोच संघ विनिपेगला गोल्डआइज म्हणून गेला. खेळायचं फुटबॉलच्या स्टेडियममध्ये, बेसबॉलला अगदी गैरसोयीचं. तरी माणसं आली, कारण सहा लाखांवरचं शहर आणि उन्हाळ्यात दुसरा व्यावसायिक बेसबॉल संघ नाही. १९९९ मध्ये त्यांना स्वतःचं मैदान मिळालं.

थंडर बेचं उलट झालं. तिकीट कॅनेडियन डॉलरमध्ये विकायचं, खर्चाचा मोठा भाग अमेरिकी डॉलरमध्ये. १९९३ मध्ये कॅनेडियन डॉलर ७५-७८ अमेरिकी सेंटला होता, १९९८ च्या उन्हाळ्यात ६५ च्या खाली. गल्ल्यात तेवढीच माणसं येऊनही सातवा हिस्सा हवेत. १९९८ नंतर तो संघ शिकागोजवळ शॉमबर्गला गेला. विनिपेगलाही तोच विनिमय दर होता, पण शहर पाच पटींहून मोठं, धक्का पचला.

उडता_चेंडू

शहराचं गणित मान्य. पण पहिल्या वर्षी देशभरच्या वर्तमानपत्रांत लीगचं नाव आलं ते सेंट पॉलमुळे, आणि त्या बातम्यांवर बाकीच्या पाच संघांचे जाहिरातदार तयार झाले. पाहुणा म्हणून सेंट पॉल आला की सू फॉल्सची तिकिटं संपायची. एका संघाने पाचांना ओढलं. तुमच्या वहीत हा रकाना नाही.

हिशेबनीस

रकाना आहे, फक्त त्यात डुक्कर लिहिलेलं नाही, ‘सेंट पॉलची हद्द’ लिहिलंय. :)

ओहायोकर

फ्रंटियर लीगबद्दल थोडक्यात. ओहायो, वेस्ट व्हर्जिनिया, केंटकी हा पट्टा, १९९३ मध्ये आठ संघ. अंतरं कमी, बसचा खर्च कमी, खेळाडू तरुण आणि अगदी स्वस्त. नॉर्दर्नसारखी जुनी नावं आणायची नाहीत हे धोरण. तरी वेस्ट व्हर्जिनिया कोल सॉक्स आणि ट्राय-स्टेट टॉमहॉक्स हे दोन संघ पहिल्याच मोसमात मध्येच बंद पडले. उरलेल्या सहांनी मोसम पुरा केला, झेन्सव्हिल ग्रेज विजेता.

मध्येच संघ बुडाला की काय होतं हे सांगणं जास्त उपयोगाचं. त्याचे खेळाडू उरलेल्या संघांत वाटले जातात. त्याच्याविरुद्धचे पुढचे सामने रद्द, म्हणजे बाकीच्यांचे घरचे दिवस रिकामे आणि विकलेल्या मोसमी तिकिटांवर परतावा. एकाच्या दिवाळखोरीचा भुर्दंड सगळ्यांना. म्हणूनच शहाणी लीग संघ देतानाच मालकाकडून बँकेचं हमीपत्र घेते: तो पळाला तरी त्या पैशांत मोसम संपवता येतो. हमी न घेता ‘आधी सुरू तर करू’ म्हणणाऱ्या लीग एक-दोन वर्षांत गेल्या. ग्रेट सेंट्रल लीग १९९४ मध्ये आली आणि त्याच वर्षी संपली. प्रेअरी लीग १९९५ ते १९९७.

फ्रंटियरमधून मेजरला पोहोचायला सात वर्षं लागली. चिलिकोथी पेंट्सचा पिचर ब्रायन टॉलबर्ग जून २००० मध्ये सॅन डिएगोकडून उतरला, तो पहिला.

मृण्मयी_एस

१९९४ च्या मेजर लीग खेळाडूंच्या संपाचा फायदा झाला असेल ना? वर्ल्ड सिरीजच रद्द झाली होती.

डावखुरा

थोडाफार. संप १२ ऑगस्टला सुरू झाला आणि नॉर्दर्नचा मोसम सप्टेंबरच्या सुरुवातीला संपतो, म्हणजे तीन आठवडे काय ते. खरा परिणाम १९९५ च्या वसंतात झाला. मेजर संघांनी संपकऱ्यांच्या जागी बदली खेळाडू गोळा केले आणि स्वतंत्र लीगमधली मुलं त्यांना आयतीच मिळाली. पण ज्यांनी ते केलं त्यांना खेळाडूंच्या संघटनेने कायमचं बाहेर ठेवलं. मिलार त्यातलाच. २००४ च्या रेड सॉक्सच्या विजयाच्या परवानाधारक टी-शर्टांवर सगळ्यांची नावं, त्याचं नाही.

नियमावली

करारांबद्दल दोन शब्द, कारण पुढे जे. डी. ड्रू प्रकरण त्यातूनच आलं.

स्वतंत्र लीगचा करार सहसा एका मोसमाचा, वर पुढच्या मोसमाचा पर्याय संघाकडे. मेजर संघाला खेळाडू हवा असेल तर तो करार विकत घ्यायचा, काही हजार डॉलरना. रक्कम लहान, पण चार-पाच जण गेले की बसचा महिना निघतो. मालकाने खेळाडूला अडवून भाव वाढवायचा नाही हा अलिखित संकेत. एकदा ‘हा संघ सोडत नाही’ अशी बोंब झाली की पुढच्या जूनमध्ये चांगला खेळाडू फिरकत नाही.

जेसन व्हेरिटेकने १९९५ च्या सुरुवातीला सेंट पॉलशी करार केला, सिएटल मरिनर्सशी बोलणी अडली होती म्हणून. एकही सामना खेळावा लागला नाही, एप्रिलमध्ये सिएटलने सही केली. ड्रू मात्र खेळला. १९९७ च्या ड्राफ्टमध्ये फिलाडेल्फियाने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं, पैशांवरून फिसकटलं. एजंट स्कॉट बोरास. ड्रू सेंट पॉलला आला, ४४ सामन्यांत .३४१ ची बॅटिंग सरासरी आणि १८ होम रन. दावा असा की आता तो व्यावसायिक झाला, ड्राफ्टच्या कक्षेबाहेर, कोणाशीही करार करू शकतो. दावा टिकला नाही. १९९८ च्या ड्राफ्टमध्ये त्याला यावंच लागलं आणि सेंट लुईसने पाचव्या क्रमांकावर घेतला. पण या दोन प्रकरणांनंतर प्रत्येक एजंटच्या हिशेबात स्वतंत्र लीग हा घासाघीसीचा एक पत्ता झाला.

उडता_चेंडू

१९९६ राहिलंच. डॅरिल स्ट्रॉबेरी सेंट पॉलला: २९ सामने, .४३५, १८ होम रन. जुलैत यांकीजने उचलला, ऑक्टोबरात वर्ल्ड सिरीजची अंगठी. त्याच संघात सेंट पॉलचाच भूमिपुत्र जॅक मॉरिस, १९९१ च्या वर्ल्ड सिरीजच्या सातव्या सामन्यात दहा इनिंग टाकणारा, वय ४१, पाच विजय आणि एक पराभव. स्ट्रॉबेरीला दरवाजा उघडला, मॉरिसला नाही.

आणि आयला बॉर्डर्स. डावखुरी पिचर, ३१ मे १९९७ ला सू फॉल्सविरुद्ध सेंट पॉलकडून उतरली. सुरुवात वाईट झाली, पहिल्याच बॅटरला चेंडू लागला. महिन्याभरात डलूथला पाठवली, आणि त्या वर्षीचं विजेतेपद डलूथचंच. २४ जुलै १९९८ ला सहा इनिंग टाकून सू फॉल्सवर पहिला विजय, ३-१. वेग कमी होता, पण चेंडूंचा क्रम बदलून, कोपऱ्यांवर टाकून ती बॅटरना चकवायची. लोक तिला जाहिरातीची युक्ती म्हणत, पण युक्तीला कोणी सुरुवातीचा पिचर म्हणून सहा इनिंग देत नाही.

कट्टाबहाद्दर

मग लीग संपली कधी आणि का? आणि १९९८ ची अटलांटिक लीग हिच्यातूनच निघाली का?

स्कोअरबुक

अटलांटिक वेगळी, फ्रँक बोल्टनची. न्यूयॉर्कच्या आसपासचा दाट लोकवस्तीचा पट्टा, नवी मैदानं, अनुभवी खेळाडू. तिची पहिली दुखणी मैदानांचीच. सॉमरसेट पेट्रियट्सचं मैदान तयार नव्हतं म्हणून पहिलं वर्ष त्यांनी बाहेरगावीच काढलं. लीहाय व्हॅलीचं मैदान तर बांधून पुरंच झालं नाही, संघ मात्र वर्षानुवर्षं खेळत राहिला.

नॉर्दर्न १९९९ मध्ये ईशान्येकडच्या नॉर्थईस्ट लीगला सामावून १६ संघांची झाली. दोन भाग मुळात एकमेकांना भेटायचेच नाहीत, भेट फक्त अंतिम मालिकेत. २००२ नंतर पुन्हा वेगळे. खरा घाव २००५ च्या मोसमानंतर: सेंट पॉल, सू सिटी, सू फॉल्स आणि लिंकन बाहेर पडून त्यांनी अमेरिकन असोसिएशन काढली, कमिशनर पुन्हा माइल्स वुल्फ. म्हणजे संस्थापकही गेला, पहिल्या सहांतले तीन संघही गेले. उरलेली लीग २०१० चा मोसम खेळून थांबली.

सेंट पॉल २०२१ पासून मिनेसोटा ट्विन्सचा ट्रिपल-ए संघ आहे. खेळाडूंचा पगार आता ट्विन्स देतात, आणि ऑगस्टमधला तो वरून येणारा फोनही त्यांचाच.

टवाळ_टपोरी

आणि डुक्कर?

उडता_चेंडू

डुक्कर आहे. त्याचा करार संघाकडेच राहिला.